टिटवी : आमच्या टीममधली, दहावीत असताना गेलेली पोरगी (जरा लांबलंय, सांभाळून घ्या)

बालाघाटी

मंडळी, हा धागा काढू का नको असं माझं दोन वर्षं चाललंय. पण परवा गावाकडून चुलतभावाचा फोन आला, बोलता बोलता म्हणाला की आपल्या आळीतल्या एकानं पोरीला खो-खोतून काढलं. सातवीतली पोरगी, चांगली पळते म्हणे. कारण काय, तर "टिटवीचं काय झालं ठाव हाय ना, लई पळाली अन् गेली". तेरा वर्षं झाली ओ तिला जाऊन, या सातवीतल्या पोरीचा तर तेव्हा जन्मसुद्धा झालेला नव्हता.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नाही. खरं नाव लिहू का म्हणून तिच्या आईला विचारलं तर म्हणाली, "नाव कशाला, तुमी टिटवीच म्हनत हुत्या की". ते नाव मीच ठेवलेलं. पायाच्या नुसत्या काड्या, आणि खो असा द्यायची की पार एसटीच्या फाट्यावर ऐकू जावा. मी अकरावीला, ती दहावीला, आमचं गाव कळंब-भूम पट्ट्यातलं, शाळेमागं माळ, तेच ग्राउंड. खांब लिंबाचे, सुतारकाकांनी तासून दिलेले, आम्ही काचेच्या तुकड्यानं घासून घासून गुळगुळीत केलेले. फक्की विकत आणायला पैसे नसले की चुलीतली राख.

तिचे आईबाप दिवाळी झाली की ऊसाला जायचे, थेट उन्हाळ्यात परत. मग घरी आजी, ही आणि धाकटा भाऊ. त्यामुळं पहाटे हापसा, भाकरी, भावाचं आवरणं आणि मग शाळा. तिच्या डोक्यात वेळेचं जे गणित होतं ते या हापशावरनं आलेलं. आमच्या हापशाला एक घागर भरायला चाळीस-बेचाळीस दांडे मारायला लागायचे. ही पळती संपवून आली आणि सरांनी विचारलं किती पळालीस, की ही धापा टाकत म्हणणार "साडेतीन घागरी". सर घड्याळ बघायचे तर दोन मिनिटं पंचवीस, सत्तावीस. एकदा मुद्दाम घड्याळ लपवून विचारलं तरी दोन-तीन सेकंदापलीकडं चुकली नाही. आमच्यातल्या कुणालाच पळताना आपण किती पळालो ते कळायचं नाही, आम्हाला फक्त मागं कोण आहे तेवढंच दिसायचं.

आणि खांबावरनं वळायची ते काय सांगू. डावा तळवा खांबाला, बाकी सगळं अंग हवेत, गुडघा मातीला टेकतोय न टेकतोय तोवर पलीकडं. चेसर (पाठलाग करणारी) खांबाला धरून आडवी पडलेली असायची आणि ही मागं उभी राहून तिला म्हणणार, "उठ गं, लागलं का?" त्याचाच जास्त राग यायचा समोरच्यांना.

बाकीचं नंतर लिहिते, आता हात थांबले.

मुंबईकर_मूळ_परंडा

साडेतीन घागरी... वाचूनच थांबलो. लिहा ताई, वेळ घ्या.

खांबाजवळची

अगं तू तीच का जी पाचव्या चौकोनात बसायची?? मी भूमच्या टीमला होते, तुमच्याशी दोनदा हरलोय आम्ही. टिटवी मला नीट आठवते. ती "लागलं का" मलाच म्हणलेली एकदा, मी रागानं तिच्या अंगावर माती फेकली होती. ती गेल्याचं आम्हाला लई उशिरा कळलं. कुणी म्हणालं साप चावला, कुणी म्हणालं विहिरीत. नेमकं काय झालं होतं?

बालाघाटी

हो गं, तीच मी. 😊

ऐक. पौषातली संध्याकाळ, लातूर विभागाच्या स्पर्धा तोंडावर आलेल्या म्हणून आम्ही अंधार पडेपर्यंत थांबायचो. ती पळत होती, चेन खेळत (बसलेल्या पोरींच्या मधनं नागमोडी पळत) आली, खांबाकडं गेली, वळली आणि पडली. आम्हाला वाटलं सूर मारला. सूर चेसर मारते, पळणारी कशाला मारेल, पण तेवढा विचार कोण करतंय. आम्ही हसलो. मी तर "टिटवी बसली अंड्यावर" असं ओरडलेसुद्धा. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

मग कळलं की उठत नाही. कुणी पाणी मारलं, कुणी तळपाय चोळले, पलीकडच्या शेतातनं एक मामा पळत आले, त्यांनी कांदा फोडून नाकाला लावला, फिट आली म्हणून कुणीतरी चप्पल हुंगवली. एकदोनदा घशातनं घरघर आवाज आला तर सगळे म्हणाले "हाय, जीव हाय, उचला". काळी-पिवळी मिळेपर्यंत वीस मिनिटं गेली. 108 तेव्हा नव्हती, ती आपल्याकडं 2014 ला आली. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि सरांना बाजूला नेलं.

आईबाप कोल्हापूरकडं फडावर होते, मुकादमाच्या फोनवर निरोप दिला. ते दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले.

दहाव्याला एक म्हातारी सगळ्यांसमोर म्हणाली, "नावच तसलं ठिवलं भवान्यांनी, टिटवी वरडती तितं मढं पडतं". त्यानंतर दोन वर्षं मी खो-खोचं ग्राउंड बघितलं नाही.

डॉक्टर_मांजराकाठ

बालाघाटी ताई, आधी एक गोष्ट. टिटवी ओरडते ती तिच्या अंड्यांजवळ कुणी आलं म्हणून. माळावर उघड्यावर अंडी घालणारा पक्षी आहे, ओरडणार नाहीतर काय करणार बिचारा. आमचे आजोबा तर ती अंडी उंचवट्यावर दिसली की यंदा पाऊस बरा म्हणायचे. तेव्हा नावाचं ओझं उतरवा.

आता कामाचं विचारतो, विचारलेलं आवडलं नाही तर सोडून द्या. पोस्टमॉर्टेम झालं होतं का? याआधी कधी पळताना चक्कर येऊन पडली होती का? आणि घरात कुणी तरणंताठं असं अचानक गेलेलं का?

बालाघाटी

पोस्टमॉर्टेम झालं. त्यात हृदयाची भिंत जाड झालेली असं काहीतरी आलं होतं. घरच्यांना कुणी धड समजावून सांगितलं नाही, तो कागद चार-पाच वर्षं पत्र्याच्या पेटीत होता.

चक्कर दोनदा. आणि हो, तिचा चुलता. तिशीच्या आतला गडी, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकवर चढताना खाली आला तो गेलाच. घरच्यांनी तेव्हा बाहेरचं काहीतरी झालं म्हणून देवऋषी बघितलेला.

डॉक्टर_मांजराकाठ

वाटलंच होतं. ज्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात तोच हा प्रकार दिसतोय. हृदयाचा स्नायू, जास्त करून मधला पडदा, जाड होतो. माणूस धडधाकट दिसतो, पळतो, कामं करतो, पण जाड झालेल्या स्नायूत विजेचा गोंधळ होऊ शकतो. मग हृदय ठोके द्यायचं सोडून नुसतं थरथरतं, रक्त पुढं जात नाही आणि काही सेकंदात माणूस खाली. हा आजार दुर्मिळ नाही, साधारण 500 माणसांत एकाला असतो, त्यातल्या बऱ्याच जणांना आयुष्यभर काही होतही नाही. बहुतेक वेळा घराण्यातून येतो आणि आईला किंवा वडलांना असला तर प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता.

"लई पळाली म्हणून गेली" हे त्यामुळं अर्धवट खरं आहे. जोराच्या श्रमात असा झटका येऊ शकतो हे बरोबर, पण पळण्यानं आजार होत नाही. चुलता कुठं खो-खो खेळत होता?

अजून एक. ती घरघर म्हणजे श्वास नव्हे. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं तसे आचके येतात आणि लोक फसतात. माणूस हाक मारून हलत नाही आणि श्वास नीट चालत नाही, एवढं दिसलं की 108 लावायला एकाला सांगायचं आणि दुसऱ्यानं लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागायचं. 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. हृदय थरथरत असेल तर मशीननं विजेचा शॉक द्यावा लागतो आणि नुसतं बघत राहिलं तर दर मिनिटाला वाचायची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. 12 जून 2021 ला डेन्मार्कचा एरिक्सन फिनलंडविरुद्धच्या मॅचमध्ये कोसळला तो सगळ्यांनी टीव्हीवर बघितला. त्याची मैदानावरच छाती दाबली, तिथंच शॉक दिला, पुढच्या वर्षी गडी परत फुटबॉल खेळायला लागला. कांद्याचं म्हणाल तर त्या मामांनाही दोष देणार नाही, त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी केलं.

ज्वारीची_भाकर

सगळं ठीक आहे डॉक्टरसाहेब पण मी जरा कडू बोलतो. पोटात सकाळची अर्धी भाकर, रक्त 8 वर, अशा लेकरांना अंधार पडेपर्यंत पळवायचं कशाला? शाळेच्या नावासाठी? दहावीला ग्रेस मार्क मिळतात म्हणून? 5 टक्के खेळाडू आरक्षण म्हणून गावोगावी नुसतं फॅड झालंय, जो तो पोरगं घेऊन ग्राउंडवर, अन् काय झालं तर ना विमा ना काही. त्या बापानं पोरीला काढलं तर मी त्याला येडा म्हणणार नाही. त्याची एकच पोरगी असेल.

खांबाजवळची

भाकरदादा, भुकेचं तुमचं बरोबर, एकदम मान्य. पण पोरीला ग्राउंडवरनं काढली म्हणजे तिला खायला मिळतंय असं थोडीच आहे. आमच्या टीममधल्या ज्यांना घरी बसवलं त्यांची दोन-तीन वर्षांत लग्नं लागली, दोघी जणी कोयता घेऊन ऊसाला गेल्या. मोळ्या वाहणं काय कमी पळणं आहे का, तिथं कोण विचारतंय रक्त किती? आपल्याच जिल्ह्यातली सारिका काळे, 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत कॅप्टन, सोनं आणलं, 2020 ला अर्जुन पुरस्कार. ती पण काही श्रीमंताघरची नव्हती. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. याच कोरड्या मुलखातनं आलीत ही माणसं.

ज्वारीची_भाकर

सारिका काळे एक झाली ताई, मागं राहिलेल्या हजार जणींचं काय? मी एवढंच म्हणतोय की आधी तपासा मग पळवा.

डॉक्टर_मांजराकाठ

"आधी तपासा" याला माझा पाठिंबा. इटलीत 1982 पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूची ईसीजीसकट तपासणी कायद्यानं करतात. सगळ्यांचा ईसीजी काढावा का यावर बाकी देशांत अजून वाद आहे, कारण निरोगी पोरांचेही ईसीजी कधी कधी शंकास्पद येतात आणि कधी आजार असून साधे दिसतात. पण तीन प्रश्न विचारायला काहीच पैसे पडत नाहीत. पळताना कधी शुद्ध हरपली का? पळताना छातीत दुखतं किंवा विचित्र धडधडतं का? घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं का? एकाचंही उत्तर हो आलं तर ग्राउंड बंद, आधी ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी). शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, त्या डॉक्टरांना हे सांगितलं तर ते पुढं पाठवतात. उन्हात उभं राहून आलेली चक्कर वेगळी, पळता पळता आलेली वेगळी. दुसरीला कधीच "काही खाल्लं नसेल" म्हणायचं नाही.

रिटायर्ड_पीटी_मास्तर

मी सहा महिन्यांपासून इथं नुसतं वाचतो. आज नातवाकडून खातं काढून घेतलं. चुकभूल देणे घेणे.

तो "काही खाल्लं नसेल" म्हणणारा मास्तर मीच. बालाघाटीने माझा उल्लेख टाळला, तिचा मोठेपणा. पहिल्यांदा पडली ती तालुक्याच्या स्पर्धेत. मी केळी आणून दिली, ग्लुकोज पाजलं, पाच मिनिटांनी उठली, हसली, अन् पुढचा डाव खेळली. आम्ही जिंकलो. दुसऱ्यांदा सरावात. तेव्हा तिला दवाखान्यात नेलं होतं, नाही असं नाही. तिथं रक्त कमी आहे म्हणाले, लाल गोळ्या दिल्या. चुलत्याचं मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. पस्तीस वर्षं पीटी शिकवली, लेकरांची उंची मोजली, वजन मोजलं, पण तुझ्या घरात कोण कसं गेलं हे एकाही लेकराला विचारलं नाही.

मला वाटायचं ही जानकी पुरस्कार आणणार. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, कुमारी गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूला जानकी देतात. चौदाच्या आतल्या मुलींना इला.) इलाच्या वयात ती आम्हाला सापडलीच नाही, तेव्हा ती शाळा सोडून आईबापाबरोबर फडावर असायची. सातवीत परत आली ती आजीनं हट्ट धरला म्हणून.

भाकर यांच्याशी मी वाद घालणार नाही. त्यांनी मला जे बोलायचं ते बोलावं.

बालाघाटी

सर 🙏 तुम्ही इथं आहात हे माहीत असतं तर मी फोन करून मग लिहिलं असतं.

ज्वारीची_भाकर

मास्तर, तुम्हाला नव्हतो म्हणत मी. माझा स्वतःचा पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय, 1600 मीटर, रोज पहाटे चारला डांबरी रोडवर पळायला जातो. मी रात्रभर जागा असतो. त्यातनं आलं ते तोंडात. आज संध्याकाळी त्याला तीन प्रश्न विचारले. पहिल्या दोनाला नाही म्हणाला. तिसऱ्याला आम्ही दोघं बसून मयतांची यादी करत बसलो, त्याच्या आईनं हाकललं.

मुंबईकर_मूळ_परंडा

😄 वहिनींचं बरोबर आहे. पण खरंच, आपल्याकडं "ताप आला अन् गेला", "उचकी लागली अन् गेला" एवढंच सांगतात, नेमकं कशानं ते कुणीच विचारत नाही.

ताई, भावाचं काय झालं? डॉक्टर म्हणतात लेकरांना निम्मी शक्यता.

स्टॉपवॉच_22

भाऊ मीच. बालाघाटी आक्काने लिंक पाठवली, रात्री दोनदा वाचलं.

आक्का गेली तेव्हा मी नऊ वर्षाचा होतो. तो पेटीतला कागद मी आठवीत असताना बाहेर निघाला. एका शिबिराला आलेल्या मॅडमने मला तपासताना विचारलं घरात भावंडं किती, आईने सांगितलं एक होती, मॅडम म्हणाल्या कशाने गेली, मग आई घरी जाऊन तो कागद घेऊन आली. मॅडमनी वाचून तिथंच खुर्चीवर बसवलं आईला. मग सोलापूरला इको. मला आहे. वडलांनाही आहे, त्यांना आयुष्यात कधी काही त्रास झाला नाही.

रोज एक गोळी, वर्षाला एक इको. क्रिकेट, खो-खो, शर्यत बंद, डॉक्टर म्हणाले चालायचं, सायकल निवांत. पहिली दोन वर्षं मला आईचा लई राग यायचा. पोरं पळायची अन् मी कट्ट्यावर. एकदा चोरून पळालो पण, माळाच्या टोकापर्यंत, काही झालं नाही, पण आईनं बघितलं. ती ओरडली नाही काही नाही, नुसती खाली बसली तिथंच मातीत. परत नाही पळालो. वडील आता गावातच रोजंदारी बघतात, ऊसाला कुणी जात नाही आमच्यातलं.

मग मास्तरांनी घड्याळ दिलं हातात. तेच जुनं, आक्काच्या वेळचं, बटण जरा अडकतं. नवीन सर आलेत शाळेत, ते मला वेळ घ्यायला बोलावतात. एक गंमत सांगतो. आताच्या पोरी पण घागरच म्हणतात. नवीन आलेली एक चिमणी परवा पळून आली अन् म्हणते "दादा, दोन घागरी झाल्या का?" हापसा तर कधीच बंद पडलाय, नळ आलाय गावात, आठवड्यातनं एकदा पाणी येतं ते सोडा. तिला विचारलं घागर म्हणजे किती गं, तर म्हणे "मोठ्या पोरी म्हणतात म्हणून".

आक्काला कुणी "लई पळाली" म्हणलं की मी काही बोलत नाही. पण त्या सातवीतल्या पोरीच्या वडलांना मी ओळखतो.

खांबाजवळची

मला आता टाईप करवत नाही. उद्या येते.

डॉक्टर_मांजराकाठ

भावा, गोळी चुकवू नकोस. आणि वडलांच्या बाकीच्या भावंडांची, त्यांच्या लेकरांची तपासणी झाली का? चुलत्याची मुलं आहेत का?

स्टॉपवॉच_22

चुलत्याला एक पोरगी आहे, परभणीकडं दिलीय. तिचं राहिलंय. सांगून बघितलं, सासरचे म्हणतात तिला काय झालंय, चांगली तर आहे.

डॉक्टर_मांजराकाठ

तिचा विषय माझ्यावर सोड, नंबर मेसेजमध्ये दे, मी बोलतो सासरच्यांशी. इथं टाकू नको.

रिटायर्ड_पीटी_मास्तर

त्या सातवीच्या मुलीकडे मी जाणार आहे. रविवारी सकाळी. मुलीला घ्या परत असं म्हणायला नाही. तीन प्रश्न विचारायचे आहेत, तेवढंच. काही निघालं तर तपासणीला मी घेऊन जाईन. नाही निघालं तर मग बापाची मर्जी. स्टॉपवॉच, तू येतोस का बरोबर?

स्टॉपवॉच_22

येतो. माझी फाईल पण आणतो. कागद बघितल्यावर लोक ऐकतात.

बालाघाटी

सर मी पण येते, शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघते पुण्याहून. येरमाळ्याला उतरले की कुणीतरी घ्यायला या.

आणि ग्राउंडची माती लई कडक झालीय म्हणे, पोरींचे गुडघे फुटतायत. आलोच आहोत तर रविवारी ती पण भिजवून उकरून घेऊ का? खांबांपाशी तरी.

ज्वारीची_भाकर

मी कळंबचाच आहे. टँकरचं माझ्याकडं लागलं. किती वाजता पायजे सांगा.

स्टॉपवॉच_22

सहाला. उन्हाच्या आधी. पण दक्षिणेकडच्या खांबाला गाडी नेऊ नका, तिथं दगडात टिटवीची अंडी आहेत चार, पोरींनी फक्कीनं गोल आखलाय.